निजामाच्या राज्यात कारकुनी करत सात कादंबऱ्या लिहिणारे परभणीचे बी. रघुनाथ

मराठवाड्यात एक म्हण फार जुनी आहे. बनी तो बनी, नहीं तो परभणी. म्हणजे दुसरीकडे कुठं जमलं तर जमलं, नाही तर परभणी आहेच. परभणीकर ही म्हण स्वतःच हसत हसत सांगतात.

पण याच परभणीत एक असा माणूस होऊन गेला, ज्यानं सरकारी कचेरीतलं काम सांभाळत सात कादंबऱ्या, पाच कथासंग्रह, दोन कवितासंग्रह आणि एक ललितलेखांचं पुस्तक लिहिलं. वय किती? अवघं चाळीस. त्यातही लिहायला मिळालेली वर्षं जेमतेम वीस.

त्यांचं नाव बी. रघुनाथ.

परभणीत त्यांच्या नावाचं सभागृह आहे, त्यांच्या नावाचं महाविद्यालय आहे. दरवर्षी ७ सप्टेंबरला, त्यांच्या स्मृतिदिनी, साहित्याचे कार्यक्रम होतात. छत्रपती संभाजीनगरमध्ये, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, त्यांच्या नावानं लेखकांना पुरस्कार दिला जातो. मराठवाड्यातल्या वाचकाला हे नाव माहीत असतं. पुण्या-मुंबईच्या वाचकाला विचारलं, तर मात्र बऱ्याचदा कवी बी का, असा प्रश्न येतो.

तर आधी हा घोळ मिटवूया. कवी बी म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते, चाफा ही कविता लिहिणारे. ते वेगळे. आपले बी. रघुनाथ म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी. भगवानचा बी घेतला, वडिलांचं नाव पुढं जोडलं आणि आडनाव गाळून टाकलं. सुरुवातीच्या काळात त्यांनी फुलारी या टोपणनावानंही कविता लिहिल्या. पुढं मात्र बी. रघुनाथ हेच नाव कायम राहिलं.

सातोन्याचा मुलगा

१५ ऑगस्ट १९१३ रोजी सातोना या गावी त्यांचा जन्म झाला. सातोना तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. १९८१ साली जालना जिल्हा झाला, तेव्हा परतूर तालुका परभणीतून निघून जालन्याला जोडला गेला आणि त्याबरोबर सातोनाही गेलं. मनमाडहून परभणी-नांदेडकडे जाणाऱ्या रेल्वेनं प्रवास केलात तर परतूर आणि सेलूच्या मध्ये हे स्टेशन लागतं.

ही रेल्वे निजामाच्या राज्यात विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला आली. तिची दोन टोकं बघितली की बी. रघुनाथ यांचं जग कळतं. एक टोक मनमाडला, म्हणजे इंग्रजी मुलखातल्या मराठी प्रदेशात. दुसरं टोक सिकंदराबाद-हैदराबादला, म्हणजे निजामाच्या राजधानीत. मध्ये मराठवाडा. भाषा एका टोकाची आणि सरकार दुसऱ्या टोकाचं.

सातोन्याच्या मुलानं शिकायला कुठं जायचं? हैदराबादला. बी. रघुनाथ यांचं मॅट्रिकपर्यंतचं शिक्षण हैदराबादला झालं. मराठी माणसं तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. विवेकवर्धिनीसारखी मराठी मंडळींनी उभी केलेली शाळा तिथं होती, १९२० पासून निजाम विजय हे मराठी पत्रही तिथून निघत होतं. पण शहराचा बोलण्याचा, सभ्यतेचा आणि शायरीचा सूर उर्दू होता. शाळकरी वयात कानावर पडलेला तो सूर त्यांच्या लेखणीत शेवटपर्यंत राहिला.

मॅट्रिकनंतर पुढं शिकण्याची परिस्थिती नव्हती. नोकरी करणं भाग होतं. निजाम सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांना जागा मिळाली आणि ते परभणीला आले.

कचेरी उर्दूत, लेखन मराठीत

आता ही नोकरी म्हणजे नेमकं काय होतं, हे समजून घ्यायला त्या राज्याचा कारभार बघावा लागतो.

हैदराबाद संस्थान हे हिंदुस्थानातलं सगळ्यात मोठ्या संस्थानांपैकी एक. त्यात तेलुगू बोलणारे जवळजवळ निम्मे, मराठी बोलणारे साधारण पाव हिस्सा, शिवाय कन्नड आणि उर्दू बोलणारे. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे मराठी. पण कारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचं माध्यमसुद्धा उर्दूच.

जिल्ह्याच्या कलेक्टरला अव्वल तालुकदार म्हणायचे. बांधकाम खात्याला तामीरात म्हणायचे. सरकारी वर्ष फसली, त्याचे महिने आजूर, दै, बहमन असे. पैसा हाली शिक्क्याचा. इंग्रजी मुलखातला रुपया कलदार, आणि सात हाली मोजले की साधारण सहा कलदार यायचे. म्हणजे परभणीचा माणूस मनमाडला उतरला की त्याच्या खिशातला रुपयासुद्धा बदलायचा.

दिवसभर या जगात नोकरी करायची आणि घरी येऊन मराठीत कादंबरी लिहायची, असं बी. रघुनाथ यांचं आयुष्य होतं.

यात अडचणी किती होत्या बघा. मराठी पुस्तकांचा आणि मासिकांचा मोठा व्यवहार पुण्या-मुंबईत, म्हणजे परमुलखात. तिथल्या साहित्याच्या बैठका, गट, वाद, ओळखीपाळखी यांतलं काहीच परभणीत नव्हतं. १९०१ पासूनचं गणेश वाचनालय गावात होतं, हाच मोठा आधार. निजाम राज्यातल्या मराठी लेखकांची साहित्य परिषदसुद्धा १९३७ साली हैदराबादला स्थापन झाली. तोपर्यंत बी. रघुनाथ यांनी लिहायला सुरुवात केलेली होती.

त्यात राज्यात मोकळेपणानं बोलायची सोय नाही. १९२९ च्या गश्ती निशाण ५३ या हुकुमानं सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी लागायची. परवानगी कशाला हवी, याचं उत्तर कुणी द्यायचं नाही. अशा राज्यात सरकारी पगार घेणाऱ्या माणसानं आपल्या भोवतालच्या जगण्यावर लिहायचं, म्हणजे प्रत्येक वाक्य तोलून लिहिणं आलं.

पुस्तकांच्या नावांतच सगळं दिसतं

त्यांची पहिली कादंबरी १९३६ च्या सुमारास आली. नाव एका अक्षराचं. ओ. लेखकाचं वय तेव्हा तेवीसच्या आसपास.

त्यानंतर १९४० साली साकी हा कथासंग्रह आणि १९४१ साली आलाप आणि विलाप हा कवितासंग्रह आला. पुढची काही वर्षं तर त्यांनी अक्षरशः झपाटल्यासारखं लिहिलं. १९४३ मध्ये हिरवे गुलाब, १९४४ मध्ये बाबू दडके, १९४५ मध्ये उत्पात, १९४६ मध्ये म्हणे लढाई संपली. चार वर्षांत चार कादंबऱ्या. शिवाय १९४५ मध्येच अलकेचा प्रवासी हे ललितलेखांचं पुस्तक. मग १९४८ साली फकिराची कांबळी, १९४९ साली जगाला कळले पाहिजे ही कादंबरी आणि १९५१ साली छागल हा कथासंग्रह.

ही नावं पुन्हा एकदा वाचा. साकी म्हणजे मद्याचा पेला भरून देणारा किंवा देणारी, उर्दू-फारसी शायरीतली नेहमीची व्यक्ती. छागल म्हणजे प्रवासात पाणी गार राहावं म्हणून सोबत घ्यायची पिशवी, आणि पायातल्या वाजणाऱ्या दागिन्यालाही तोच शब्द. हे दोन शब्द हैदराबादेकडचे. अलका ही कुबेराची नगरी, कालिदासाच्या मेघदूतात ढग ज्या गावाला निघालेला असतो ते गाव. हा शब्द संस्कृतातला. आणि कांबळी ही आपल्या शेतात-शिवारात खांद्यावर असते ती. पण ती कुणाची? फकिराची.

एकाच लेखकाच्या पुस्तकांच्या नावांत उर्दू शायरी, संस्कृत काव्य आणि खेड्यातली मराठी अशी शेजारी शेजारी बसलेली आहेत. ही काही हौसेनं केलेली सजावट नव्हती. परभणी-नांदेडच्या माणसाच्या तोंडी या भाषा रोज अशाच मिसळून येत होत्या. पुण्याच्या प्रमाण मराठीत लिहायचं म्हणून त्यांनी हे पुसून टाकलं नाही. आज मराठवाड्यातले लेखक आपल्या बोलीत हक्कानं लिहितात. ते लिहिणं फारसं कुणी गृहीत धरत नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट आहे.

कवितेतही असंच. सुरुवातीच्या कवितेवर रविकिरण मंडळाच्या वळणाची छाया दिसते, प्रेम आणि विरह हे विषय दिसतात. पण ती कविता तिथंच थांबली नाही. त्यांचा दुसरा संग्रह पुन्हा नभाच्या लाल कडा. आलाप आणि विलाप ते पुन्हा नभाच्या लाल कडा, या दोन नावांमधलं अंतर म्हणजेच त्यांच्या कवितेचा प्रवास. स्वतःच्या सुखदुःखात रमलेला कवी आजूबाजूच्या समाजाकडे वळला.

इतिहास दूर नव्हता, दारात होता

त्या काळी मराठी वाचकाला ऐतिहासिक कादंबरीचं वेड होतं. हरि नारायण आपटे यांनी उषःकालसारख्या कादंबरीतून शिवकाळ उभा केला होता. नाथमाधवांनी स्वराज्याच्या कादंबऱ्यांची मालिका लिहिली होती आणि वीरधवलसारखी रहस्य आणि साहस यांनी भरलेली कादंबरीही दिली होती. किल्ले, भुयारं, हेर, गुप्त खलिते. वाचक रात्र-रात्र जागून वाचत. चाळीसच्या दशकात बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आल्या आणि त्यांनी तर घरोघर मुक्काम ठोकला.

या कादंबऱ्यांमधला मध्ययुगीन दरबार, जहागिरी आणि सरदार हे पुण्याच्या वाचकासाठी दोन-तीनशे वर्षांपूर्वीचं जग होतं. परभणीच्या वाचकासाठी ते चालू वर्तमान होतं. त्याच्याकडं जहागीरदार खरोखरचा होता. दरबार होता, फर्मानं निघत होती, लेव्हीचं धान्य वसूल होत होतं. ज्याला बाकीचा महाराष्ट्र इतिहास म्हणत होता, त्यात मराठवाडा जगत होता.

आणि ते जग कोसळताना बघायला बी. रघुनाथ तिथंच होते.

१९३७ साली निजाम राज्यातल्या मराठी लोकांच्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन परतूरला भरलं. म्हणजे बी. रघुनाथ यांच्या जन्मगावाच्या शेजारीच. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन झाली आणि तिच्यावर बंदी आली. त्याच वर्षी वंदे मातरम् म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना वसतिगृहातून आणि विद्यापीठातून काढण्यात आलं. मग दुसरं महायुद्ध आलं. लढाई कुठं युरोपात आणि ब्रह्मदेशात, पण महागाई, टंचाई आणि काळाबाजार इथं बाजारात.

१९४५ साली लढाई संपली. त्यावर बी. रघुनाथ यांच्या पुढच्याच कादंबरीचं नाव होतं म्हणे लढाई संपली. त्यातल्या म्हणे या शब्दाकडं लक्ष द्या. लढाई संपली असं लोक म्हणतात खरं, पण आपल्याकडं ती संपली का? हा प्रश्न एका शब्दात बसवलेला आहे.

निजामाच्या राज्यात तर खरी लढाई अजून सुरूच व्हायची होती.

१५ ऑगस्ट १९४७. देश स्वतंत्र झाला. बी. रघुनाथ यांचा तो चौतिसावा वाढदिवस. पण परभणी त्या दिवशी स्वतंत्र भारतात नव्हती. निजामानं भारतात सामील व्हायला नकार दिला होता. मनमाडला तिरंगा फडकत होता आणि त्याच रेल्वेमार्गावर थोडं पुढं गेलं की तो फडकवणं गुन्हा होता.

पुढचे तेरा महिने मराठवाड्यानं जे भोगलं ते आजही घराघरांत सांगितलं जातं. कासीम रझवीच्या रझाकारांच्या टोळ्या, गावांवरचे हल्ले, सरहद्दीपलीकडे इंग्रजी मुलखात, म्हणजे आता भारतात, पळून गेलेली कुटुंबं. सीमेवर उभी राहिलेली स्वातंत्र्यसैनिकांची शिबिरं, तिथून होणारे नाक्यांवरचे छापे. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालचा लढा. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरलं आणि १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली.

या सगळ्या काळात बी. रघुनाथ त्याच सरकारचे नोकर होते. ते मुक्तिसंग्रामाचे पुढारी नव्हते. कुटुंब, नोकरी आणि लेखन असं तिन्ही ओढणारा साधा माणूस होता तो. पण पुढारी ज्या गोष्टी आठवणींत लिहीत नाहीत त्या अशा माणसाला दिसतात. कचेरीतला कारकून काय बोलत होता, गावातला वतनदार कुठं झुकत होता, भीती कशी पसरत होती आणि लोक त्यातही रोजचं जगणं कसं रेटत होते. निजामी राजवटीखालचं मराठी जगणं आतून बघून लिहिणारे कादंबरीकार मराठीत मोजकेच झाले. त्यात बी. रघुनाथ यांचं नाव अगदी पहिल्या ओळीत येतं.

१९४९ साली, राज्य बदलल्यावर वर्षभरातच, त्यांची कादंबरी आली. तिचं नाव जगाला कळले पाहिजे. इतकी वर्षं तोलून बोलणाऱ्या लेखकानं निजाम गेल्यावर आपल्या कादंबरीला हे नाव द्यावं, यात बरंच काही आलं.

कचेरीतच शेवट

संस्थान गेलं, पण नोकरी तीच राहिली. खातं आता भारत सरकारच्या छत्राखालच्या हैदराबाद राज्याचं झालं. १९५२ साली पहिल्या निवडणुका झाल्या, लोकांनी निवडलेलं सरकार आलं. लिहायला मोकळं वातावरण मिळालं होतं. लेखक ऐन चाळिशीत होता.

७ सप्टेंबर १९५३ रोजी कचेरीत काम करत असतानाच बी. रघुनाथ यांचा मृत्यू झाला. चाळीस वर्षं पूर्ण होऊन तीन आठवडे झाले होते.

त्यांच्या पश्चात पुस्तकं येत राहिली. १९५४ मध्ये आडगावचे चौधरी ही सातवी कादंबरी आली. १९५५ मध्ये आकाश हा कथासंग्रह आणि पुन्हा नभाच्या लाल कडा हा कवितासंग्रह. १९५६ मध्ये काळी राधा. एकूण पंधरा पुस्तकांपैकी चार त्यांनी छापलेली पाहिलीच नाहीत.

मग ते मागे का पडले?

हा प्रश्न मराठवाड्यातला प्रत्येक वाचक कधी ना कधी विचारतो. याची उत्तरं काही गूढ नाहीत.

पहिलं कारण तारखांमध्ये आहे. मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला १ नोव्हेंबर १९५६ रोजी. महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६० रोजी. बी. रघुनाथ १९५३ सालीच गेले. म्हणजे आयुष्यभर मराठीत लिहिलेला हा माणूस मराठी राज्यात एक दिवसही राहिला नाही. मराठवाडा आणि उरलेला महाराष्ट्र एका शाळेत, एका अभ्यासक्रमात, एका वाचकवर्गात आला तोपर्यंत ते हयात नव्हते. आपली बाजू मांडायला, नव्या मासिकांत लिहायला, संमेलनांत बोलायला ते असते, तर गोष्ट वेगळी झाली असती.

दुसरं कारण साहित्यातल्या बदलाचं. ते गेले त्याच सुमारास मराठीत नवकथा आणि नवकविता यांची चर्चा जोरात होती. त्या चर्चेचं केंद्र मुंबई-पुणे. तिथं हजर नसलेल्या आणि जगातूनही गेलेल्या लेखकाची बाजू कोण घेणार?

तिसरं कारण म्हणजे निजामी मराठवाडा हाच विषय बाकीच्या महाराष्ट्राला फारसा ठाऊक नव्हता. हाली शिक्का, गश्ती, जहागिरी, तामीरात हे शब्द कोल्हापूर-नाशिकच्या वाचकाला परके. सीमेवरच्या लेखकाचं नेहमी हेच होतं. एका बाजूला तो भाषेमुळं परका, दुसऱ्या बाजूला अनुभवामुळं.

पण मराठवाड्यानं त्यांना सोडलं नाही, हे मात्र खरं. १९९५ साली नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन परभणीत भरलं. दरवर्षी सप्टेंबरमध्ये कविता वाचल्या जातात. इंद्रजित भालेराव यांची शेतकऱ्याच्या घरातली कविता याच जिल्ह्यातून महाराष्ट्रभर गेली. आसाराम लोमटे यांच्या आलोक या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा परभणीचं नाव पुन्हा देशभर गेलं. परभणीत राहून, परभणीच्या माणसांवर, परभणीच्या भाषेत लिहूनही मोठं लेखन होऊ शकतं, हे आज कुणाला पटवून द्यावं लागत नाही. १९३६ मध्ये ते पटवून द्यावं लागत होतं, आणि ते काम सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या एका कारकुनानं केलं.

१७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन येतो. झेंडे लागतात, भाषणं होतात. त्याच्या बरोबर दहा दिवस आधी ७ सप्टेंबर येतो. मुक्तीच्या आधीचा मराठवाडा कसा होता, लोक काय खात-पीत-बोलत-सोसत होते, हे जाणून घ्यायचं असेल तर या दोन तारखांच्या मधले दहा दिवस पुरेसे आहेत. वाचनालयातून आडगावचे चौधरी काढून आणा आणि सुरुवात करा.